घास, रिमोट आणि पिन

या वेळची सगळी पत्रं मुलांच्या मोबाइल आणि टीव्हीबद्दलची निवडली आहेत. घरं वेगळी, मुलांची वयं वेगळी, पण गाडी अडते ती बहुतेक ठिकाणी एकाच जागी. स्क्रीन कधी मिळणार, कुठे बसून मिळणार आणि कधी बंद होणार, हे घरात रोज नव्याने ठरतं. रोज घासाघीस होते, म्हणून रोज रडारड होते. त्यामुळे उत्तरांत मिनिटांच्या हिशेबापेक्षा वेळ आणि जागा बांधून देण्यावर जास्त लिहिलं आहे.

तरी आकडे एकदा सांगून ठेवतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात ते पुन्हा यायला नकोत. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको, अपवाद फक्त घरच्या माणसांशी व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस लक्ष ठेवून असताना. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जवळपास हेच सांगितलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची आहे. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. बंद केला की घास थुंकते. सासूबाई म्हणतात, "पोटात जातंय ना, मग लाव." दोन दिवस बंद करून पाहिला, तिने जवळजवळ काही खाल्लं नाही, शेवटी तिसऱ्या दिवशी पुन्हा लावला. बोलतेही फक्त चार-पाच शब्द. – एक आई, नाशिक

उत्तर : पोटात जातंय हे खरं आहे. पण गाणं बघताना मूल तोंड उघडतं ते भूक लागली म्हणून नाही. समोर चमचा आला की तोंड आपोआप उघडतं, एवढंच. त्यामुळे भूक लागली कधी आणि पोट भरलं कधी, या दोन्ही खुणा तिला कळेनाशा होतात. चावण्याकडे लक्ष नसतं. घास गालात धरून ठेवते किंवा तसाच गिळते, ठसका लागतो, मग आपण आणखी पातळ, आणखी वाटलेलं द्यायला लागतो. दीड-दोन वर्षांचं मूल मऊ पोळी खायच्या वयात मिक्सरमधल्या भातावर राहतं ते असं.

दोन दिवसांत तुम्हाला जमलं नाही याचं कारण तुमचा निर्धार कमी पडला हे नाही. सवय मोडताना हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत अवघड असतो आणि नेमका त्याच दिवशी मोबाइल परत आला, तर "आणखी जोरात रडलं की मिळतो" एवढंच तिच्या लक्षात राहतं. म्हणून पुढच्या वेळी तयारी करून सुरू करा.

तयारी चार-पाच दिवस आधीपासून करायची. पहिल्यांदा दूध मोजा. दिवसभरात दोन कपांपेक्षा, म्हणजे साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त जात असेल, तर हळूहळू तिथपर्यंत खाली आणा. रात्रीची बाटली आधी बंद करा. दुधाने आणि येताजाता मिळणाऱ्या बिस्किटांनी भूक मरते, आणि भूक नसलेल्या मुलाला मोबाइलशिवाय भरवणं कुणालाच जमणार नाही. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास ठेवा, मध्ये फक्त पाणी. दुसरं, तिला लागतं किती ते पाहा. या वयाला एका वेळी पाऊण ते एक वाटी पुरते, वाटी २५० मिलिलिटरची. दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. पुष्कळ घरांत मूल अर्ध्या-पाऊण वाटीला थांबलेलं असतं आणि मोबाइल लावला जातो तो उरलेल्या चार घासांसाठी.

सुरुवात घरात दोन मोठी माणसं असतील अशा दिवशी करा. ताप, सर्दी, लस यांचे दिवस टाळा. जेवताना सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही. तिला सगळ्यांबरोबर बसवा, तिची वेगळी छोटी ताटली ठेवा, आणि तिच्या हातात धरता येईल असं काहीतरी तीत असू द्या: तूप लावलेल्या मऊ पोळीचा रोल, धिरड्याचा तुकडा, उकडलेल्या रताळ्याची बोटाएवढी फोड, मुगाच्या खिचडीचा गोळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं नकोत, घशात अडकतात. तुमच्याकडे एक चमचा आणि तिच्याकडे एक. सांडणार, अंगाला लागणार. खाली जुनं कापड टाका आणि सांडू द्या. हाताने अन्न चिवडणं हा त्या वयात शिकण्याचाच भाग आहे. वीस-पंचवीस मिनिटं झाली की काही न बोलता ताटली उचला. "बघ, खाल्लं नाहीस" नको, आणि अर्ध्या तासाने बिस्किटही नको. पुढचं खाणं ठरलेल्या वेळी.

पहिले दोन-तीन दिवस ती कमी खाईल. सू नेहमीसारखी होते आहे, खेळते आहे, पाणी पिते आहे, तोवर काळजी नको. वजन आधीच कमी असेल, तर मात्र सुरू करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक मुलं रुळतात.

सासूबाईंना विरोधी बाकावर बसवू नका, त्यांना काम द्या. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. त्यात माणसाचा चेहरा समोर असतो, बोलणं असतं, मूल उत्तर देतं. फक्त तिने मान फिरवली की चिऊचा घास तिथेच थांबला पाहिजे, एवढं त्यांच्याशी ठरवून घ्या.

आता बोलण्याचं. मोबाइल सुटला की बोलेल, असं म्हणून थांबू नका. सोळा महिन्यांपर्यंत एकेक शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. बावीस महिन्यांना चार-पाच शब्द म्हणजे तपासून घेण्याची वेळ झाली. पहिली तपासणी कानांची. मोबाइलवरच्या गाण्याला ती प्रतिसाद देते म्हणून ऐकू येतं असं धरून चालू नका, कारण ती चित्राला प्रतिसाद देत असेल. हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालतात, तिथे ही तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडीतूनही तिथे पाठवलं जातं.

प्रश्न : आमचं बाळ अकरा महिन्यांचं आहे, आम्ही जर्मनीत राहतो. आजी-आजोबा पुण्यात. रोज व्हिडिओ कॉल होतो. तोही बंद करायचा का? – एक वाचक, म्युनिक

उत्तर : अजिबात नाही. हा अपवाद सूचनांतच केलेला आहे. बाळ हसलं की पलीकडून आजी हसते, हे गाण्याच्या व्हिडिओत होत नाही. बाळाला मांडीवर घ्या, फोन हातात देऊ नका, एका जागी टेकवून ठेवा. आजीने टाळ्या वाजवल्या की तुम्ही बाळाचे हात धरून वाजवा. पाच-दहा मिनिटांत बाळ कंटाळतं. तिथे कॉल थांबवा आणि पुढच्या गप्पा बाळाला बाजूला ठेवून मारा. कॉल संपल्यावर त्याच फोनवर गाणं लावणं मात्र टाळा, नाहीतर थोड्याच दिवसांत आजी दिसली की बाळ गाणं मागेल.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. घरात वेगळा टॅब नाही, माझाच अँड्रॉइड फोन तो बघतो. त्यावरच ऑफिसचं काम आणि पैशांचे व्यवहारही होतात. अ‍ॅपला वेळेची मर्यादा लावली होती, त्याने ती काढून टाकली. मर्यादा नेमकी कशी लावायची? – एक आई, पिंपरी

उत्तर : आपल्याकडे बहुतेक घरांत हीच परिस्थिती असते आणि बहुतेक सल्ले मुलाचं वेगळं उपकरण आहे असं धरून दिलेले असतात. तुम्ही लावलेली मर्यादा फोनमधल्या "डिजिटल वेलबीइंग"ची असावी. ती मोठ्या माणसाने स्वतःला आवरण्यासाठी आहे. फोन ज्याच्या हातात, त्याला ती काढता येते. मुलासाठी असलेलं गूगलचं "फॅमिली लिंक" चांगलं आहे, पण ते मुलाच्या वेगळ्या खात्यावर आणि वेगळ्या उपकरणावर चालतं. तुमच्या खात्याने चालू असलेल्या फोनवर त्याचा उपयोग नाही.

एकाच फोनवर करता येतं ते असं. युट्यूब किड्स हे अ‍ॅप घ्या आणि मुलाला फक्त तेच द्या. नेहमीचं युट्यूब नको. त्यात वयोगट विचारतात, तेव्हा त्याच्या वयाचा गट निवडा आणि शोधण्याची सोय बंद करा. त्याहून पक्का पर्याय म्हणजे "फक्त मंजूर केलेलं": तुम्ही निवडलेली चॅनेल आणि व्हिडिओ तेवढेच दिसतात. एकदा बसून पंधरा-वीस गोष्टी निवडायला अर्धा तास जातो, पण नंतरची चिंता मिटते. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चित्रावर दाबलं की टायमर मिळतो. वेळ संपली की अ‍ॅप स्वतःच बंद होतं. हे कुलूप सुरुवातीला गुणाकार विचारतं. पाच वर्षांच्या मुलाला ते अडवतं, पण पाढे पाठ झालेल्या मुलाला अडवत नाही, म्हणून तिथे आजच आपला चार आकडी पासकोड टाका.

मग फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात "अ‍ॅप पिनिंग" शोधा आणि चालू करा. त्यातच "अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा" असा पर्याय असतो, तोही चालू हवा; तो राहिला तर पिनिंगला काही अर्थ नाही. आता युट्यूब किड्स उघडायचं, अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत जाऊन त्याच्या चिन्हावर दाबायचं आणि "पिन" निवडायचं. मुलगा त्या अ‍ॅपच्या बाहेर जाऊ शकत नाही, तुमचे ऑफिसचे मेसेज आणि पैशांची अ‍ॅप सुरक्षित राहतात. आयफोनवर हेच काम "गाइडेड अ‍ॅक्सेस" करतं. ते अ‍ॅक्सेसिबिलिटीत सापडतं, बाजूचं बटण तीनदा दाबून सुरू होतं आणि त्यात वेळही लावता येतो. पैशांच्या अ‍ॅपचा पिन आणि फोन उघडण्याचा पिन एकच असेल तर तो आधी बदला. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागा असं ठरवून ठेवा.

पिन टाकताना मुलाकडे पाठ करा. आकडे ओळखू न येणारं मूलही बोट कुठून कुठे गेलं ते बघून लक्षात ठेवतं.

शेवट कसा करायचा हे तंत्रापेक्षा महत्त्वाचं आहे. चालू व्हिडिओच्या मध्यात फोन ओढून घेतला की भांडण ठरलेलं. "पाच मिनिटं राहिली, दोन मिनिटं राहिली" अशा हाकाही फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण पाच वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते उमगत नाही. भाग मोजा: "आज दोन गोष्टी." आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे दुसरी गोष्ट संपली की पडदा थांबतो आणि उठायला जागा मिळते. फोन परत कुणाच्या हातात द्यायचा आणि त्यानंतर काय, हे सुरू करण्यापूर्वीच सांगा: "दोन गोष्टी, मग फोन फडताळावर, मग खाली सायकल." सायकल प्रत्यक्षात मिळाली पाहिजे. ती सांगून दिली नाहीत, तर पुढच्या वेळी तो फोन सोडणार नाही.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. संध्याकाळी सात ते दहा आईंच्या मालिका, मधे यजमानांच्या बातम्या. मुलगा दुसरीत आहे, अभ्यासाला त्याच खोलीत बसतो आणि मान टीव्हीकडे. आईंना टीव्ही बंद करा म्हणणं बरं वाटत नाही, दिवसभर त्यांना तेवढाच विरंगुळा आहे.

उत्तर : तुमच्या जवळच, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवले जातात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो नियम फक्त मुलांसाठी नव्हता. मोठ्यांचेही पडदे बंद झाले, म्हणून तो लोकांनी उचलून धरला. एका घरात भोंगा वाजवता येणार नाही, पण दीड तासाची वेळ ठरवता येते.

आईंना पूर्ण संध्याकाळ सोडायला सांगू नका. त्यांच्या सगळ्यांत आवडत्या दोन मालिका कोणत्या ते विचारा. मालिकांचे भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतात आणि वाहिन्यांच्या अ‍ॅपवरही येतात. सातच्या दोन मालिका दुपारी मुलगा शाळेत असताना पाहता आल्या, तर त्यांचा विरंगुळा जात नाही. सात ते साडेआठ टीव्ही बंद: अभ्यास, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. साडेआठनंतर आईंची रात्रीची मालिका. त्या वेळी मुलगा आतल्या खोलीत झोपायला जातो, म्हणून टीव्हीला हेडफोन जोडला तर उत्तम. लांब वायरचा साधा हेडफोनही चालतो, टीव्हीला त्याची खाच आहे का तेवढं पाहून घ्या. यजमानांच्या बातम्या या दीड तासात आल्या तर सगळं कोसळेल. वडिलांसाठी सूट आहे हे मुलाला पहिल्याच दिवशी दिसतं, आणि आईंनाही दिसतं.

झोपेचा हिशेबही घाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी सहाला उठवायचं असेल, तर नऊला डोळा लागलेला हवा. झोपण्याआधीचा तास पडद्याशिवाय गेला तर झोप लवकर लागते. याचा अर्थ रात्री नऊची मालिका कितीही सोज्ज्वळ असली तरी ती त्याच्यासाठी नाही.

अभ्यासाची जागाही बदला. त्याची पाठ टीव्हीकडे आणि तोंड भिंतीकडे असू द्या. टीव्हीवर वापर नसताना कापड टाकायची जुनी पद्धत चांगली होती. काळा पडदा समोर दिसत नाही, तेव्हा मागणीही कमी होते.

प्रश्न : नवा स्मार्ट टीव्ही घेतला. सहा आणि नऊ वर्षांची मुलं काहीही लावतात. – एक वाचक, नागपूर

उत्तर : टीव्हीला कार्यक्रम येण्याच्या साधारण तीन वाटा असतात आणि एकच बंद करून भागत नाही. पहिली वाट टीव्हीतली अ‍ॅप. गूगल टीव्ही असलेल्या सेटवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करता येतं, त्यात दिवसाची मर्यादा आणि झोपेची वेळ लावता येते. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावला नाही, तर मुलं एक बटण दाबून तिकडे जातात. प्रत्येक ओटीटी अ‍ॅपमध्येही वेगळं कुलूप लागतं. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार त्यांना कार्यक्रमांवर "यू", "यू/ए ७+", "१३+", "१६+" आणि "ए" अशा खुणा द्याव्या लागतात आणि १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप द्यावं लागतं. मुलांचं प्रोफाइल ७+ वर बांधा.

दुसरी वाट सेट-टॉप बॉक्सची. त्याचं कुलूप त्याच्याच मेनूत असतं. मूळ पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो, तो बदलेपर्यंत कुलूप नाहीच असं समजा. तिसरी वाट फोनवरून टीव्हीवर टाकण्याची: एकाच वायफायवरच्या कुठल्याही फोनवरून व्हिडिओ टीव्हीवर लावता येतो, आणि आजोबांच्या फोनवर कसलीच मर्यादा नसते. म्हणून आजोबांच्या फोनलाही लॉक हवं, आणि ते कशासाठी हे आजोबांना आधी समजावून सांगायला हवं.

प्रश्न : मोबाइलने चश्मा लागतो का? टीव्ही किती लांबून पाहावा? – एक आजोबा, सोलापूर

उत्तर : दूरचं न दिसण्याचा चश्मा वाढतो आहे, त्यात तासन्‌तास जवळचं पाहणं आणि उजेडात बाहेर कमी जाणं, या दोन्हींचा वाटा आहे. दुसऱ्या कारणाकडे घरात कुणी लक्ष देत नाही. नातवंडांना दिवसाउजेडी रोज दीड-दोन तास बाहेर खेळायला मिळालं पाहिजे. शाळेतली मधली सुट्टी आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरता येतो. पुस्तकही जवळूनच वाचलं जातं, तेव्हा मोबाइल काढून गोष्टीचं पुस्तक दिलं तरी डोळ्यांना बाहेरचा उजेड लागतोच.

टीव्ही मोबाइलपेक्षा बरा, कारण तो लांब असतो. ३२ इंची टीव्हीला पाच-सहा फूट, ४३ इंचीला सात-आठ फूट अंतर असावं, खोलीतला दिवा चालू हवा. मोबाइल हातात असेल तर हात लांब करून धरायला शिकवा. मुलं तो वीतभर अंतरावर आणतात आणि अंथरुणात कुशीवर पडून बघताना आणखी जवळ. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद पाहायचं. घरात खिडकीतून समोरचं झाड बघ म्हटलं की झालं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे चुरचुरतात आणि मुलं चोळतात. टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन बसणं, डोळे बारीक करून बघणं, फळ्यावरचं उतरवताना चुकणं, यांपैकी काही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. "मोबाइल कमी केला की सुधारेल" म्हणून लागलेला नंबर जात नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत. स्वतःचा फोन आहे, शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो म्हणून घेऊन दिला. आता रात्री उशिरापर्यंत गेम आणि रील्स. फोन काढून घेतला तर दोन दिवस बोलत नाही. – एक वडील, रत्नागिरी

उत्तर : फोन काढून घेऊ नका, रात्रीची जागा बदला. तेरा-चौदाव्या वर्षी आठ ते दहा तास झोप लागते आणि आत्ता पहिला घाला तिच्यावर पडतो आहे. घरातले सगळे फोन रात्री साडेनऊला बैठकीच्या खोलीत एकाच ठिकाणी चार्जिंगला लागतील, असा नियम करा. सगळे म्हणजे तुमचाही. "गजर लावायला फोन लागतो" हे कारण लगेच येईल, म्हणून गजराचं साधं घड्याळ आधीच आणून ठेवा. एवढी एक गोष्ट महिनाभर टिकली तर बाकीच्या गोष्टी बोलायला सोप्या जातात. पहिल्या आठवड्यात एकदम सहा नियम आणले तर एकही टिकणार नाही.

गेमचा वेळ मिनिटांत नाही, सामन्यांत ठरवा. टीमने खेळायच्या गेममध्ये सामना मध्येच थांबवता येत नाही, सोडला तर बरोबरच्या मित्रांचं नुकसान होतं, आणि तुम्ही फोन ओढता तेव्हा तो त्या लाजेने चिडतो. एक सामना किती वेळ चालतो ते त्याच्याशेजारी बसून एकदा पाहा. अर्धा तास असेल तर "शाळेच्या दिवशी दोन सामने, शेवटचा साडेआठच्या आत सुरू" हे त्यालाही पटतं. फॅमिली लिंक लावलंत तर मर्यादा त्या हिशेबाने ठेवा, आणि ती त्याला सांगून, त्याच्यासमोर लावा. चोरून बसवलेलं अ‍ॅप आठवडाभरात सापडतं आणि मग दुसऱ्या फोनची, मित्राच्या हॉटस्पॉटची वाट शोधली जाते. वेळ संपून फोन लॉक झाला तरी आलेला फोन घेता येतो, ही काळजी मिटवून टाका.

रील्सना सामना नसतो, शेवटही नसतो, म्हणून त्या सामन्यापेक्षा अवघड. फोनवरून ते अ‍ॅप काढून फक्त घरच्या संगणकावर बघायची परवानगी, हा तोडगा बऱ्याच घरांत चालतो. इन्स्टाग्रामवर त्याच्या खात्याची जन्मतारीख तपासा. वय वाढवून खातं काढलं असेल, तर किशोरांसाठीची जी बंधनं आपोआप लागतात ती लागलेलीच नसतात. युट्यूबवर पाहिलेल्याचा इतिहास पुसून तो बंद केला, तर पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं. हवं ते शोधून बघावं लागतं.

अभ्यासाचा ग्रुप तुमच्या फोनवर घ्या. संध्याकाळी एकदा उघडून त्याने अभ्यास वहीत उतरवून घ्यायचा. बऱ्याच शिक्षकांना हे आवडतंच. एकदा भेटून सांगा.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघंही कामावर आणि आठ वर्षांची मुलगी आजीजवळ. आजी सत्तरीच्या, गुडघे दुखतात. दिवसभर टीव्ही चालू राहतो. आम्ही आजींना बोलू शकत नाही. – एक आई, ठाणे

उत्तर : बोलूही नका. सत्तरीच्या बाईला आठ वर्षांच्या मुलीबरोबर दिवसाचे दहा तास काढायचे आहेत. त्यांना विश्रांती कधी लागते ते विचारा आणि टीव्ही त्या वेळेला द्या. दुपारी जेवून दीड-दोनला त्या आडव्या होतात. बाहेर ऊन असतं. दोन ते साडेतीन टीव्ही, कार्यक्रम तुम्ही सकाळी ठरवून दिलेला. बाकीच्या वेळी टीव्ही बंद ठेवण्यासाठी आजींना भांडावं लागू नये, म्हणून सेट-टॉप बॉक्सचा रिमोट तुमच्या कपाटात आणि दुपारच्या वेळेपुरता आजींकडे.

मुख्य अडचण सकाळी दहा ते एक ही असते. आजींना बसल्या जागी करता येतील अशी कामं मुलीला त्यांच्याबरोबर द्या: कोथिंबीर निवडणं, लसूण सोलणं, वाल सोलणं, पापड वाळत घालून राखणं, कपड्यांच्या घड्या. खेळ म्हणून पत्ते, काचापाणी, सागरगोटे, सापशिडी. सागरगोटे आजींना गुडघे न वाकवता टेबलाशी बसूनही खेळता येतात. एका खोक्यात कात्री, डिंक, जुनी मासिकं, दोरा, रंग भरून ठेवा आणि ते खोकं फक्त याच वेळेत उघडा. रोज हाताशी असलेल्या वस्तूंना मुलं विचारत नाहीत. सोसायटीत किंवा शेजारी याच वयाच्या दोन-तीन मुली असतील, तर आठवड्यातून तीन सकाळी एकेका घरी सगळ्यांनी जमायचं असं त्यांच्या आयांशी ठरवा; चार मुली एकत्र असल्या की टीव्हीची आठवण कमी होते आणि आजींना दोन सकाळी मोकळ्या मिळतात.

"कंटाळा आला" हे ती पहिल्या आठवड्यात दिवसातून दहादा म्हणेल. आजींना एवढंच सांगून ठेवा, की तिला लगेच काही सुचवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं ती घरात फिरेल, आजींच्या मागे लागेल, जमिनीवर लोळेल, आणि मग बहुतेक वेळा खोकं उघडेल.